कंपनाचे रीडिंग फसवते, कारण सेन्सर नीट बसलेला नसतो

महोदय,

गळीत हंगामाच्या तोंडावर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत टर्बाइन, गिअरबॉक्स दुरुस्त होऊन चाचणीला लागतात आणि कंपनाची रीडिंग घेतली जातात. सेन्सर खरेदीच्या निविदेत मात्र बहुधा रेंज आणि अचूकता एवढेच मागतात. नैसर्गिक वारंवारता (सेन्सर मोकळा सोडला तर सेकंदाला जितक्या वेळा स्वतःच थरथरतो तो आकडा) आणि डॅम्पिंग (ती थरथर शमवण्याची ताकद) हे आकडेही मागितलेच पाहिजेत.

असा सेन्सर म्हणजे आत स्प्रिंगवर बसवलेले वजन. कंपन त्याच्या नैसर्गिक वारंवारतेजवळ गेले की तो वाढवून सांगतो. पीझो सेन्सरला (ज्यातला स्फटिक दाबला की विजेचा सिग्नल देतो) डॅम्पिंग जवळजवळ नसतेच. त्यामुळे त्या वारंवारतेच्या एक-पंचमांशावर चूक ४ टक्के, एक-तृतीयांशावर १२ टक्के. डॅम्पिंग गुणांक ०.७ असला तर नैसर्गिक वारंवारतेच्या ०.६ पटीवरही चूक जेमतेम ५ टक्के.

समजा पिनियन (गिअरबॉक्समधले लहान दातेरी चाक) मिनिटाला ७,५०० फेरे घेतो आणि त्याला ३२ दात आहेत. दात लागण्याची वारंवारता झाली ४,००० हर्ट्‌झ. ३० किलोहर्ट्‌झ नैसर्गिक वारंवारतेचा सेन्सर स्टडने (आटे असलेल्या खिळ्याने) घट्ट बसवला तर चूक २ टक्क्यांच्या आतच. तोच सेन्सर रंगाच्या थरावर मॅग्नेटने चिकटवला आणि बैठकीसकट त्याची नैसर्गिक वारंवारता ६ किलोहर्ट्‌झवर घसरली, तर रीडिंग १.८ पट येईल आणि धडधाकट गिअरबॉक्स उघडला जाईल. हाताने टेकवायच्या प्रोबचा धोका उलटा: त्याच्या आवाक्याबाहेरचे हे कंपन दबते आणि खराब दात नजरेतून सुटतो. हे जास्त महागात पडते.

म्हणून बेअरिंगच्या जवळ जागा निवडून रंग खरवडा, पृष्ठभाग सपाट करा, ग्रीसचा पातळ थर द्या, निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) स्टड आवळा. केबल केसिंगला बांधून ठेवा, ती हलली तरी खोटा सिग्नल येतो. मेणाने चिकटवणे आपल्याकडे टाळाच: ते ४० अंशांच्या आसपास मऊ पडते. सोलापूरच्या मेमध्ये सावलीतही एवढे तापते, आणि चालत्या गिअरबॉक्सचे केसिंग हिवाळ्यातही. तेलाने डॅम्पिंग दिलेल्या सेन्सरचे तेलही उन्हाने पातळ होऊन गुणांक उतरतो, तेव्हा तो आकडा कोणत्या तापमानाचा हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

कॅलिब्रेशनच्या (सेन्सर प्रमाणाशी ताडून तपासल्याच्या) दाखल्यावर एकाच वारंवारतेचा आकडा असेल तर तो परत पाठवावा. वारंवारतेनुसार प्रतिसादाचा पूर्ण आलेख हवा. आणि स्टडची जागा कायमची खुणेने ठरवावी, म्हणजे पुढच्या हंगामाचे रीडिंग यंदाच्या रीडिंगशी ताडून पाहता येईल.

— एक उपकरण-तंत्रज्ञ, सोलापूर