‘कॅटल’मधून ‘कॅपिटल’ आलेले नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘पूर्वी गुरे हीच संपत्ती, ती डोक्यांवर मोजत, डोक्याला लॅटिनमध्ये कापुट म्हणतात, म्हणून भांडवलाला कॅपिटल’ ही व्युत्पत्ती वाणिज्याच्या वर्गांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सर्वत्र फिरते. तिच्यातला क्रम उलटा आहे.

कापुटवरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कापिताले’ झाले. अर्थ मुद्दल, मुख्य मालमत्ता. तेच नॉर्मंडीच्या फ्रेंचमधून ‘कॅटल’ आणि पॅरिसकडच्या फ्रेंचमधून ‘चॅटल’ होऊन इंग्लंडात पोहोचले. कॅटल म्हणजे आधी कोणतीही जंगम मालमत्ता, मग पाळीव जनावरे (यात घोडे, मेंढ्या, डुकरेही आली) आणि शेवटी फक्त गायी-बैल. चॅटल कायद्याच्या भाषेत मालमत्तेच्याच अर्थाने टिकला. भांडवल या अर्थाचा कॅपिटल या दोघांच्या बराच नंतरचा. म्हणजे मालमत्तेच्या शब्दाने गुरे ओळखली गेली, गुरांच्या शब्दाने मालमत्ता नव्हे.

गुरांकडून पैशाकडे गेलेला खरा शब्द वेगळाच आहे. जुन्या इंग्रजीतला ‘फेओह’ म्हणजे गुरे आणि धनही. तो आपल्या ‘पशु’चा सख्खा भाऊ. जर्मानिक भाषांत (म्हणजे इंग्रजी, जर्मन यांच्या कुळात) संस्कृत-लॅटिनशी सामायिक असलेल्या पूर्वज भाषेतल्या ‘प’चा ‘फ’ आणि ‘क’चा ‘ह’ नियमाने होतो (पितृ–फादर, पाद–फूट) आणि इथेही तेच झाले. लॅटिनमध्ये हा बदल नाही, म्हणून तिथे गुरे ‘पेकू’, पैसा ‘पेकुनिया’ आणि त्यावरून इंग्रजीत उसना आलेला ‘पिक्युनियरी’ (पैशासंबंधीचा). मात्र आजची ‘फी’ थेट फेओहमधून उतरलेली नाही. ती नॉर्मन फ्रेंचमार्गे, सरंजामी जमिनीच्या व्यवहारातून आली.

‘रिच’चे तसेच. तो ‘राजा’पासून निघाला असे ठोकून दिले जाते. दोघे एकाच कुळातले आहेत, पण एक दुसऱ्याचा बाप नाही. रिचमधल्या ‘इ’वरून कळते की जर्मानिक लोकांनी हा शब्द केल्टिक (आयरिश, वेल्श ज्या कुळातल्या त्या भाषा बोलणाऱ्या) शेजाऱ्यांकडून घेतला, कारण मूळच्या दीर्घ ‘ए’चा ‘ई’ केल्टिकमध्ये होतो, जर्मानिकमध्ये नाही. सुरुवातीला अर्थही श्रीमंत नव्हता, बलवान, सत्ताधारी असा होता.

‘वेल्थ’ हा ‘वील’ म्हणजे कल्याण यावरून, ‘हेल्थ’च्या धर्तीवर बनला. इंग्लंडच्या चर्चच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात राजासाठी हेल्थ आणि वेल्थ मागितली आहे, तिथे खजिना नव्हे, क्षेमकुशल अभिप्रेत आहे. कॉमनवेल्थही लोककल्याणच. ‘अबंडन्स’मध्ये लॅटिन उंडा म्हणजे लाट आहे, काठ ओलांडून वाहणे. ‘प्लेथोरा’ हा वैद्यांचा शब्द, शरीरात रक्त फाजील होण्याचा. विपुलतेचे कौतुक करताना तो वापरू नये असे मला ठामपणे वाटते.

आपल्या पुरवणीत शब्दांच्या जन्मकथा छापताना प्रत्येक शब्दासोबत तीन गोष्टी द्याव्यात ही विनंती: इंग्रजीतली पहिली नोंद कोणत्या शतकातली, तेव्हाचा अर्थ काय आणि तो कोणत्या भाषेमार्गे आला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात हे तिन्ही एकाच नोंदीत मिळते. गुरांच्या डोक्यांची कथा पहिल्याच प्रश्नाला अडकते.

आपला,
एक वाचक, पुणे