पांढरा भाग मोज

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला, "सीटी दाखवला की मशीनच सांगतं म्हणे कॅन्सर परत येणार का, मग तुम्ही रेडिओलॉजिस्ट करता काय?" हसू आलं आणि थोडं झोंबलंही, म्हणून हे लांबलचक पत्र, चहा घेऊन बस.

हे बघ, फुप्फुसातली गाठ ३ सेंमीच्या आत, लिम्फ नोडमध्ये काही नाही, ऑपरेशन झकास, तरी एकाला पुढे काहीच होत नाही आणि दुसऱ्याला दोन वर्षांत परत येतो. यातलं बरंचसं स्क्रीनवर आधीच दिसतं रे. काही गाठी आरशावर वाफ धरावी तशा धुरकट असतात, आतल्या रक्तवाहिन्या आरपार दिसतात, ते ग्राउंड ग्लास. त्यात पांढरा घट्ट भाग असतो तो सॉलिड, आणि खोडी बहुतेक वेळा तिथेच असते. म्हणून टीएनएमच्या, म्हणजे कॅन्सरची पायरी ठरवायच्या पद्धतीच्या, आठव्या आवृत्तीपासून मिश्र गाठीत फक्त पांढरा भाग मोजून टी, म्हणजे गाठीच्या आकाराचा दर्जा, ठरवतात, म्हणजे अख्खी गाठ २४ मिमी पण सॉलिड ८ मिमी असेल तर टी१सी नाही, त्याहून सौम्य टी१ए. जपानी लोकांनी तर ठोकताळाच बसवलाय, गाठ २ सेंमीपर्यंत आणि सॉलिड भाग पाव किंवा त्याहून कमी, तर ती सहसा आत घुसलेली नसते.

आता गंमत अशी की ते ८ मिमी मोजायचे कसे? स्क्रीनचा उजेड-काळोख फुप्फुसासाठी लावला (लंग विंडो) की एक आकडा, छातीच्या मधल्या भागासाठी लावला (मीडियास्टायनल विंडो) की दुसरा, आणि सीटीचे काप (स्लाइस) ५ मिमीचे जाड असले तर तो छोटा पांढरा ठिपका आजूबाजूच्या धुरकटपणात विरघळूनच जातो. वाढीचंही तसंच, १० मिमीचे १२.६ झाले की डोळ्याला काही वाटत नाही पण आकारमान दुप्पट झालेलं असतं!

मशीनचं म्हणशील तर २०१४ मध्ये आर्ट्स (Aerts) नावाचा संशोधक आणि मंडळींनी स्कॅनमधून गाठीची ४४० फीचर्स, म्हणजे आकार, पोत वगैरेंची मोजमापं, काढून फुप्फुस आणि डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये कोण किती जगेल याचा अंदाज बांधला, स्कॅनमधून असे आकडे काढायच्या या तंत्राचा, रेडिओमिक्सचा, बोलबाला झाला. मग २०१९ मध्ये दुसऱ्या टीमने स्कॅनमधल्या गाठीच्या चित्रातल्या बारीक ठिपक्यांच्या (व्हॉक्सेल) किमती पत्त्यांसारख्या पिसल्या, टेक्स्चरचा म्हणजे पोताचा पार चुराडा, तरी अंदाज जवळपास तेवढाच! कारण ती फीचर्स मुख्यतः गाठ किती मोठी एवढंच सांगत होती.

आमचं तर याहून भारी. मी आणि ज्युनियरने कॅन्सर परत येणार का सांगणारं मॉडेल बनवलं, रिझल्ट बघून चार दिवस हवेत होतो, मग कळलं ज्यांचा कॅन्सर परत आला त्यातले बरेच जुन्या मशीनवर, जाड स्लाइसवर स्कॅन झालेले. पठ्ठ्याने गाठ नाही, मशीन ओळखलं होतं. पार्टी देऊन बसलेलो आम्ही 😅

तर आता पातळ स्लाइसवाल्याच केसेस घेऊन परत सुरुवात केलीय. नावं-गावं काढलेला डेटा आणि कोड पाठवू का तुला? ते पिसायचं काम तू कर, मला कोडिंग जमत नाही नीट, आणि पिसल्यावरही अंदाजाच्या अचूकतेचा आकडा खाली आला नाही तर मला लगेच फोन कर, रात्री उशीर झाला तरी.

तुझाच,
मन्या