बाबा, परवा दुपारी मी कॉम्प्युटरवर काय केलं ते

ती. आई-बाबा,
सा. न.

पोचल्याचा फोन केला तेव्हाच हे सांगायचं होतं, पण धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे. आई, तू आधी वाच आणि मग बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

बाबा, परवा दुपारी तुम्ही जरा आडवे झाला होतात तेव्हा "अपडेट चालू आहे" असं मी आईला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. त्याआधी मी तुम्ही बसवलेला तो क्लीनर, म्हणजे कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणणारा प्रोग्राम, काढून टाकला आणि तुमचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरवरून स्टँडर्डवर आणलं. विचारून करायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही "कर" म्हणाला असता, पण तुमचा चेहरा उतरला असता आणि तो बघवला नसता मला.

गेल्या महिन्यातल्या त्या फोनची भीती अजून माझ्या मनातून गेलेली नाही. तुम्हाला कळत नाही असं मी क्षणभरही म्हणत नाही. पडदाभर लाल इशारा, भोंग्यासारखा आवाज, खाली फोन नंबर, अशा वेळी कुणीही घाबरेल. फोनवरच्या त्या माणसानं तुम्हाला इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरची नोंदवही, उघडायला लावून लाल खुणा दाखवल्या आणि हे सगळे व्हायरस म्हणून सांगितलं. बाबा, तशा खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात. एखादा प्रोग्राम नीट बंद झाला नाही, एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही, की तिथे नोंद होते. मी आत्ता माझा उघडून पाहिला, चाळीसच्या वर आहेत. आईनं राउटरचं बटण बंद करून इंटरनेट तोडलं म्हणून त्या दिवशी निभावलं.

स्टँडर्ड खात्यात तुमचं काहीही अडणार नाही. पत्रं टाइप करणं, प्रिंट काढणं, मेल, बातम्या, रात्रीचा पत्त्यांचा डाव, सगळं होतं तसंच आहे. फक्त कुणी नवीन काही बसवायला लागलं की बहुतेक वेळा कॉम्प्युटर पासवर्ड मागेल आणि तेवढ्या वेळात तुम्हाला मला फोन करता येईल. मी स्वतःही रोजचं काम स्टँडर्ड खात्यातच करते, कितीतरी वर्षांपासून. आणि पासवर्ड मी माझ्याकडे दडवून ठेवलेला नाही. पाकिटात घालून तुमच्या जाड शब्दकोशात ठेवला आहे, ‘व’च्या पानांत. घर तुमचं, कॉम्प्युटर तुमचा, किल्लीही तुमचीच.

तो क्लीनर तुम्ही का टाकलात तेही मला कळतं. सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली होती. दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की ती लाल होते. २३८ जीबीपैकी ९ उरले होते. (डिस्क २५६चीच आहे. विंडोज वेगळ्या हिशोबानं मोजतं म्हणून २३८ दिसतात, आपल्याला कुणी फसवलेलं नाही.) सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज, त्यात टेंपररी फाइल्स, एवढ्याच वाटेनं गेले आणि ११ जीबी मोकळे झाले. वेगळा प्रोग्राम लागलाच नाही. या फाइल्स म्हणजे प्रोग्रामनं काम करताना पसरलेले कच्चे कागद. काम संपलं की त्यानं ते उचलायचे असतात, पण मध्येच वीज गेली किंवा प्रोग्राम अडकला की तिथेच पडून राहतात. तुम्ही मला विचारलं होतं ना, वर्डच्या फाइलशेजारी ~$ नं सुरू होणारी फिकट फाइल कुठून येते? ती तसलीच. ‘ही फाइल सध्या अमक्यानं उघडली आहे’ असं सांगणारी पाटी आहे ती. वर्ड बंद असताना दिसली तर खुशाल काढा.

खरी जागा मात्र व्हिडिओंनी खाल्ली होती. फोनमधून तेच ते तीन-तीनदा उतरवलेले. एकही टाकलेला नाही, सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवले आहेत. आणि सकाळी सुरू व्हायला जो वेळ लागायचा तो या फाइल्समुळे नव्हता, सुरुवातीलाच उठून बसणाऱ्या प्रोग्राममुळे होता. त्यातला सगळ्यात जड तो क्लीनरच होता.

बाबा, तुम्ही दर रविवारी डीफ्रॅग करता, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे जवळ आणता, ते आता करू नका. हे लिहिताना जिवावर येतं आहे. विंडोज ९८चे ते रंगीत चौकोन मी तुमच्या मांडीवर बसून बघायचे, आठवतं? एकेक चौकोन सरकायचा आणि तुम्ही सांगायचात, "बघ, विस्कटलेली वही कशी पानापानानं लागते आहे." मला शेवटपर्यंत जागं राहायचं असायचं आणि प्रत्येक वेळी तुम्हीच मला उचलून पलंगावर ठेवायचात. त्या डिस्कमध्ये फिरणारी तबकडी होती, वाचणारा काटा होता, म्हणून तुकडे जवळ आणले की वेग वाढायचा. आताची डिस्क एसएसडी आहे, नुसत्या चिपांची. तिच्यात फिरणारं काहीच नाही, डीफ्रॅगनं तिची उगीच झीज होते. तिला जे लागतं ते विंडोज आठवड्यातून एकदा आपणहून करतं.

त्याच एसएसडीमुळे २०१९मध्ये आजीच्या आवाजाची फाइल परत आली नाही. हे मी तेव्हा नीट सांगितलं नाही, आज सांगते. जागा करायची घाई होती, साफसफाईच्या यादीतल्या सगळ्या चौकटींवर मी न वाचता टिक केली आणि त्यात ती फाइल असलेलं डाउनलोड्सही होतं. तसं पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. आणि एसएसडी पुसलेली जागा लगेच रिकामी करून टाकते, म्हणून रात्रभर तीन प्रोग्राम चालवूनही काही हाती लागलं नाही. चूक सर्वस्वी माझी होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "असू दे. दमलीस तू, झोप आता." त्यानंतर एकदाही तुम्ही तो विषय काढला नाहीत, आणि मला तेच जास्त लागतं.

आता मात्र मी सांगते ते ऐकायचं. स्टोरेज सेन्स सुरू केलं आहे, ते टेंपररी फाइल्स आणि बिनमधलं ३० दिवसांपूर्वीचं काढत राहील. डाउनलोड्ससमोर मी ‘कधीच नाही’ निवडलं आहे, ते बदलायचं नाही. रोज शट डाउन करा, पण शनिवारी रीस्टार्ट. शट डाउन केलं तरी विंडोज आपली अर्धी अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. रीस्टार्टनंच ते खरं नव्यानं सुरू होतं. अपडेट पुढे ढकलायचं नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून तर आपण ११वर आलो. आई, ब्राउझर साफ करताना फक्त कॅशेवर (पाहिलेल्या पानांच्या साठवलेल्या प्रतींवर) टिक कर, कुकीज आणि पासवर्डला हात लावू नकोस, नाहीतर सगळीकडे पुन्हा लॉग इन करत बसावं लागेल. महिन्यातून एकदा हार्ड डिस्क जोडून बॅकअप घ्यायचा आणि झाला की काढून ठेवायची. हे काम तुझं.

आणि बाबा, टेबलाखाली वाकून प्लग काढणं बंद. मागच्या खेपेला उठताना तुम्हाला चक्कर आली, आईनं मला सांगितलं आहे. एक्स्टेंशनचा बोर्ड मी टेबलावर डाव्या हाताला लावला आहे. धूळही मीच आल्यावर ब्लोअरनं काढेन, तोवर झाकण उघडायचं नाही. अक्षरं मोठी केली आहेत, संध्याकाळनंतर पडदा आपोआप पिवळसर होईल, डोळ्यांना बरं वाटेल. नाहीच आवडलं तर सांगा, फोनवरून आईला बंद करायला सांगेन. डेस्कटॉपवरची चित्रं तुम्ही ठेवली होतीत तिथेच आहेत, एकही हलवलेलं नाही.

एक नवीन मात्र आहे, वर उजव्या कोपऱ्यात, ‘आजी’ नावाचं. आत्यानं जुना फोन धुंडाळून पाठवलं, चाळीसच सेकंद आहे. ती पूर्ण फाइल नाही, मागे पंख्याचा आवाजही आहे, पण शेवटी ती तुम्हाला हाक मारते. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत आहे, माझ्याकडे एक आहे. आवाज बारीक आहे, हेडफोन लावा. आई, तेवढा वेळ त्यांच्याजवळ बस.

रात्री कितीही वाजले तरी फोन करा.

तुमची,
धाकटी