मानशीचं दार ओळखणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

निघताना तुम्ही बाबांना म्हणाला होता, महिनाभर दर मंगळवारी सकाळी गाडीच्या बॅटरीचे व्होल्ट बघा आणि मला कळवा. बाबांनी ते वहीत लिहून ठेवले आहेत, शेवटी देतेच. पण त्या दिवशी तुमच्यासमोर नीट बोलता आलं नाही, ते आधी सांगते. उघडपणे लिहिते आहे, कारण आमच्या बाबांवर जो ठपका आला तो अजून कितीतरी घरांत कुणावर तरी येत असेल.

आईचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी, फोंड्याला, सकाळी सातला. माशेलहून निघायचं म्हणजे सहाला गाडी सुरू व्हायलाच हवी. माझी शाळा सकाळची, त्यामुळे गाडी चालवतात बाबा, वय एकाहत्तर. जूनमध्ये एका मंगळवारी सेल्फ मारला तर नुसतं टक् टक्. बॅटरी चार वर्षांची होती, तिचं आयुष्य संपलं असेल म्हणून नवी घेतली, ३५ अँपिअर-अवर क्षमतेची. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दुकानदाराने बॅटरी रात्रभर चार्ज करून परत दिली आणि विचारलं, "घरी म्हातारं माणूस गाडी चालवतं का? लाईट चालू राहात असेल."

ते वाक्य आमच्या घरात शिरलं ते गेलंच नाही. सर्व्हिसिंगला नेली तिथे स्कॅनर लावला, काही दोष दाखवला नाही. इंजिन चालू असताना १३.९ व्होल्ट मिळाले म्हणून अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र, पास झाला, आणि पुन्हा तोच प्रश्न आला: गाडी बंद करताना काही चालू ठेवता का? मीही विचारलं, मेस्त्री. एकदा नाही, दर वेळी विचारलं. बाबा रात्री टॉर्च घेऊन पावसात गाडीभोवती फिरू लागले. आतला दिवा, डिकीचा दिवा, रेडिओ बघायचे, परत यायचे, झोपायचे, आणि बारा वाजता पुन्हा उठायचे. पुढे तर रोज रात्री दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायला लागले. एका रात्री अंगणात पाय घसरून पडले, तेव्हा आईने ते बंद करायला लावलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, मंगळवारीच बंद पडते म्हणजे काहीतरी आहे, देवाला नारळ ठेवा. बाबांनी देवकीकृष्णाच्या देवळात नारळही ठेवला.

गणेशचवथीच्या आधी एका मंगळवारी गाडी पुन्हा मेली. बदली गाडी मिळेपर्यंत आईची सातची वेळ गेली, दुपारची मिळाली. तोवर तिला श्वास पुरेना. त्या दुपारी बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पिकअपवाल्या शेजाऱ्याने तुम्हाला फोन केला तो त्याच संध्याकाळी.

तुम्ही आलात आणि बॉनेट उघडायच्या आधी बाबांना विचारलंत, "गाडी चालते ते दिवस राहू देत. उभी असते ते सांगा." तीन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. बाबांनी बोटं मोजली. मंगळवारी फोंडा, गुरुवारी बाजार, शुक्रवारी फोंडा, आणि मग सरळ मंगळवार. शुक्रवारनंतर चार रात्री गाडी एका जागी. तुम्ही म्हणालात, "म्हणजे वार वाईट नाही. रात्री जास्त पडतात." मी आठवीला गणित शिकवते. हा हिशोब माझ्या डोळ्यांसमोर तीन महिने होता, आणि मी तो मांडला नव्हता.

बॅटरी तुम्ही चार्ज करायला घेऊन गेलात आणि बुधवारी संध्याकाळी आणून जोडलीत. तेव्हा सेल्फ मारताना व्होल्ट १०.४ पर्यंत उतरले आणि लगेच वर आले. ९.६ च्या खाली गेले असते तर बॅटरीवर संशय घेतला असता, असं तुम्ही सांगितलंत. नवी बॅटरी विका म्हटलं असतं तर आम्ही त्या दिवशी तिसरी घेतली असती. तुम्ही म्हणालात, बॅटरी निर्दोष आहे, तिला कुणीतरी पितंय. आणि सांगून गेलात, की आज रात्री वायर काढू नका, उद्या मी येईपर्यंत चावी लावू नका.

गुरुवारी सकाळी सहाला तुम्ही काय काय केलंत ते मी सोप्यावर उभी राहून बघत होते. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरी त्यावरून काढायच्या क्लॅम्पला धरली, आणि मग क्लॅम्प हळूच सरकवून काढला. मध्ये क्षणभरही सर्किट तुटू दिलं नाहीत, नाहीतर गाडीतले छोटे कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात म्हणालात. दाराच्या कुलपात स्क्रूड्रायव्हरने खटका दाबून ठेवलात, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला बंद वाटेल. आणि मग अर्धा तास तुम्ही काहीच केलं नाहीत, चहा घेतलात. सगळं झोपी गेल्याशिवाय खरा आकडा दिसत नाही, हे मला तेव्हा समजलं. बाबा सवयीने चावीकडे गेले तर केवढ्याने ओरडलात! मीटर मध्ये असताना सेल्फ मारला तर शंभरावर अँपिअर त्यातून जाऊ बघतात आणि मीटर जळतो, हे मागाहून शांतपणे समजावलंत.

अर्ध्या तासाने मीटरवर ०.३८ अँपिअर. चांगल्या गाडीत ०.०५ च्या आत हवा. मी तिथेच गुणाकार केला: ०.३८ गुणिले २४, दिवसाला ९.१२ अँपिअर-अवर. शुक्रवार दुपारपासून मंगळवार पहाटेपर्यंत साधारण नव्वद तास, म्हणजे चौतीसच्या वर. बॅटरी ३५ ची. मला उभ्या उभ्या रडू आलं, कारण इतके दिवस आम्ही एका माणसाला विसराळू ठरवत होतो आणि आकडे त्याच्या बाजूने होते.

पण एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. एकेक फ्यूज काढत गेलात. दिवे, हॉर्न, खिडक्या, म्युझिक सिस्टिम, सगळे. आकडा हलेना. दुसऱ्या कुणी तिथे म्युझिक सिस्टिमच्या नावावर खापर फोडून मोकळं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "चोर फ्यूजच्या पेटीत नाही, म्हणजे पेटीत न जाता बॅटरीला येणाऱ्या जाड वायरवर आहे." मग बाबांचा हात धरून आधी इंजिनावर ठेवलात, ते रात्रभराच्या पावसाने थंडगार. मग अल्टरनेटरवर ठेवलात. तो किंचित कोमट होता. आदल्या संध्याकाळपासून बंद असलेल्या गाडीत तेवढी एकच वस्तू कोमट. बॅटरी सोडवून तुम्ही अल्टरनेटरची जाड वायर काढलीत, टेप गुंडाळलीत, पुन्हा मीटर लावलात. ०.०२.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र. मला समजावण्याऐवजी तुम्ही बाबांना समजावलंत, आणि त्यांच्या भाषेत. बाबांची अर्धी हयात खाजन शेतीत गेली, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या शेतात. बांध फुटला की रात्री कंदील घेऊन धावणाऱ्यांपैकी ते. तुम्ही म्हणालात, अल्टरनेटरमध्ये वीज उलटसुलट तयार होते, ती एका दिशेला वळवायला आत डायोड असतात. डायोड म्हणजे मानस, बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाऊ देते, भरती आली की नदीच्या पाण्याच्याच रेट्याने तिचं दार बंद होतं. इथे वीज अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जायची, उलट यायची नाही. तुमच्या गाडीत एक दार झिजलंय. दिवसा काम चालतं म्हणून १३.९ दिसतात आणि सगळे पास करतात. रात्री गाडी बंद झाली की पाणी उलटं शिरतं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मानशीचें दार झिजलां." आणि तुमच्याकडे बघून, "मग मी दिवा चालू ठेवत नव्हतो." तुम्ही म्हणालात, "नाही काका, तुमचं काही चुकलं नाही." तुम्हाला ते साधं वाक्य वाटलं असेल. आमच्या घरात तीन महिने ते कुणी म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी आईला न्यायचं होतं, म्हणून त्याच दिवशी अल्टरनेटर खोलून नेलात आणि संध्याकाळी डायोड प्लेट बदलून बसवलात. अख्खा नवा अल्टरनेटर लागत नाही, हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत. आणि नवी बॅटरी इतक्या वेळा पूर्ण उतरल्यामुळे तिचं थोडं आयुष्य गेलं आहे, हेही लपवलं नाहीत. सेल्फ मारायची बॅटरी अशी तळापर्यंत रिकामी होण्यासाठी केलेली नसते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, चार्ज करूनही सगळं सुटत नाही. वर्षाने पुन्हा तपासू म्हणालात.

मी त्या रात्री बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, "झालं ते झालं, उद्या साडेपाचला उठव."

आता आकडे. इंजिन सुरू करण्याआधी, सकाळी पावणेसहाला, चार रात्री उभ्या गाडीचे. पहिला मंगळवार १२.५. दुसरा १२.५. तिसऱ्याला १२.४ आले तेव्हा बाबा घाबरले, पण त्या आठवड्यात चवथीमुळे गुरुवारची फेरी झाली नव्हती. चौथा १२.५. तुम्ही सांगितलं होतं की भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते आणि १२.२ म्हणजे अर्धी, तेव्हा मला हे ठीक वाटतात. तुमचं मत कळवा. बाबांनी छोटा मीटर विकत घेतला आहे आणि टॉर्च पुन्हा माळ्यावर ठेवला आहे.

आईची एकही वेळ त्यानंतर चुकलेली नाही. तिने तुमच्यासाठी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या मी पिकअपवाल्या शेजाऱ्यांकडे देते आहे, डबा परत करायची घाई नाही.

आपली कृतज्ञ,
माशेलची शिक्षिका