जळगावातून मेनफ्रेम सांभाळायचे तर

मा. संपादक,

घरून काम करायचे तर आधी ३०० मेगाबिटची लाइन घ्या, नाहीतर सरळ पुण्याला जा, असा सल्ला खान्देशातल्या पोरांना सर्रास मिळतो. मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती महासंगणकाच्या, सपोर्टपुरता तरी तो चुकीचा आहे. बँका आणि विमा कंपन्यांचे हिशेब आजही मोठ्या प्रमाणात या यंत्रांवर चालतात, आणि सांभाळणाऱ्याने यंत्राशेजारी बसावे लागत नाही. सिस्टिम बंद करून पुन्हा उभी करणे, म्हणजे आयपीएलसुद्धा, एचएमसी या नियंत्रणाच्या कन्सोलवरून दुरून करता येते.

या यंत्रांचे ३२७० टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, १९७१ सालचे. त्याची जागा आता लॅपटॉपवर त्याची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरने घेतली, पण रीत तीच राहिली: २४ ओळी, ओळीत ८० अक्षरे, म्हणजे अख्खा पडदा १,९२० अक्षरांचा, जेमतेम दोन किलोबाइट. टाइप केलेले एकेक अक्षर जात नाही. एंटर किंवा पीएफ (फंक्शन) की दाबली की एकदम जाते. साध्या मोबाइल सिग्नलवरही हे भागते. अपवाद एकच. कंपनीने एम्युलेटरऐवजी व्हर्च्युअल डेस्कटॉप (कंपनीच्या सर्व्हरवर चालणारा संगणक) दिला, तर अक्षरांच्या जागी पडद्याचे चित्र येते आणि मग काही मेगाबिट लागतातच. नोकरी घेताना हे विचारून घ्यावे.

खरी अडचण लाइन तुटण्याची. क्षणभर तुटली तरी बऱ्याचदा व्हीपीएन, म्हणजे कंपनीशी जोडणारा सुरक्षित मार्ग, जातो, पाठोपाठ सेशन. एंटर न दाबलेला मजकूर गेलाच, कारण तो यंत्रापर्यंत पोचलाच नव्हता. परत लॉगऑन करायला जावे तर युजर आयडी वापरात आहे म्हणून नकार येतो, आणि नवखा लगेच हेल्पडेस्कला फोन लावतो. लॉगऑनच्या पडद्यावर रीकनेक्टपुढे एस टाकला की जुने सेशन परत मिळते. फार उशीर झाला तर मात्र सिस्टिमने ते संपवलेले असते. एडिटरमध्ये रिकव्हरी ऑन असेल तरच तेव्हा केलेले काम हाती लागते. लांबलचक काम पडद्यावरून चालवूच नये, जॉब, म्हणजे यंत्राने आपले आपण चालवायचे काम, म्हणून सबमिट करावे. जॉब एकदा जेईएसकडे, म्हणजे जॉबची रांग सांभाळणाऱ्या भागाकडे, गेला की तुमच्या घरी लाइट असो वा नसो, तो चालतो. डीबी२ या डेटाबेसवर क्वेरी चालवणाऱ्या स्पुफीमध्ये ऑटोकमिट नो ठेवून (म्हणजे बदल आपोआप पक्का न करता) अपडेट चालवला आणि तेवढ्यात लाइन गेली, तर डीबी२ची लॉक तशीच अडकतात आणि दुसऱ्यांचे जॉब लॉक सुटण्याची वाट पाहून उणे ९११ या एररने पडू लागतात.

म्हणून पैसे वेगावर नव्हे, विजेवर घालावेत. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर तगतो, फायबरचा डबा आणि राउटर बंद पडतात. दोन्हींना १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवावा. साध्या मोडवर बदलाला जो वेळ लागतो तेवढ्यात काही राउटर रीस्टार्ट होतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की बॅटरीतले पाणी भराभर उडते, तेव्हा महिन्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघावी. आणि केबलवाल्याला एक प्रश्न जरूर विचारावा: मधल्या खांबावरच्या डब्याला वीज लागते का? जीपॉन या फायबर पद्धतीतल्या, नुसता प्रकाश वाटणाऱ्या स्प्लिटरला लागत नाही, स्विचला लागते. स्विच असेल तर तुमची बॅटरी कितीही मोठी असली तरी उपयोग शून्य. दुसरी वाट म्हणून वेगळ्या कंपनीचे सिम हवेच. त्यावर गेल्यानेही सेशन तुटते, पण पुन्हा जोडता तरी येते.

वेळेचे गणित मात्र आपल्या सोयीचे आहे. न्यूयॉर्कची रात्री १० ते सकाळी ६ ची बॅच, म्हणजे रात्रभर चालणारे जॉब, हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी ८.३० ते दुपारी ४.३० अशी येते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ती तासभर आधी सरकते. रात्रपाळी पडते ती तिकडे दिवसा चालणाऱ्या ऑनलाइन सिस्टिमवाल्यांना.

आता शिक्षणाचे. क्लासमध्ये कोबोल भाषेचे व्याकरण शिकवतात, पडलेला जॉब उचलायला, म्हणजे सावरून पुढे चालवायला, कुणी शिकवत नाही. सॉक-७ (एस०सी७) ही आकड्याच्या जागी भलतेच काही सापडल्याची एरर घ्या. कॉम्प-३ (एका बाइटमध्ये दोन अंक ठेवणाऱ्या) रकमेच्या जागी दुसऱ्या सिस्टिमने रिकाम्या जागा (स्पेस) पाठवल्या की तिथे हेक्स ४०४०४० बसतो. शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये सी, डी किंवा एफसारखे चिन्ह हवे, तिथे शून्य सापडते आणि प्रोग्राम कोसळतो. डंपमधला, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीच्या छापातला, ऑफसेट (जागेचा आकडा) प्रोग्रामच्या कंपाइल लिस्टिंगशी जुळवला की ओळ कळते. रेकॉर्ड बाजूला काढायचे की दुरुस्त करायचे, हे ग्राहकाने ठरवायचे. आपण परस्पर हात लावायचा नाही.

धोका असतो तो रीस्टार्टमध्ये. एकाच नावाच्या फाइलच्या आवृत्त्या म्हणजे जनरेशन: ० सध्याची, +१ नवी, उणे १ आधीची. समजा पहिल्या स्टेपने +१ अशी नवी जनरेशन बनवली आणि जॉब तिसऱ्या स्टेपला पडला. जॉब कार्डवर (जॉबच्या पहिल्या ओळीत) रीस्टार्ट देऊन तिथून चालवताना ती फाइल +१ उरत नाही, ० झालेली असते. हे विसरले तर जॉब जेसीएल (जॉबच्या सूचनांची भाषा) एररने पडतो, त्यावर निभावते. पण पुढच्या एखाद्या स्टेपमध्ये ‘कालची फाइल’ म्हणून ० लिहिले असेल तर ते उणे १ करावे लागते. नाही केले तर जॉब काहीही तक्रार न करता आजचीच फाइल कालची म्हणून वाचतो आणि कोड ० (सगळे ठीक) देऊन संपतो. रीस्टार्टचे सॉफ्टवेअर असेल तर हे आकडे तेच बदलते; ते सगळीकडे नसते. मध्येच कमिट करणारा प्रोग्राम अगदी सुरुवातीपासून चालवला तर रकमा दोनदा जमा होतात, ते वेगळेच.

जळगाव, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना यासाठी महागडे यंत्र नको. आयबीएमचे झेड एक्सप्लोर हे मेनफ्रेम शिकण्याचे ऑनलाइन साधन मोफत आहे. साध्या लॅपटॉपवर मेनफ्रेमचीच नक्कल करणारा हर्क्युलिस एम्युलेटर टाकून एमव्हीएस ३.८ ही जुनी मेनफ्रेम सिस्टिम चालवता येते. त्यात आयएसपीएफ (पडद्यावरचे मेनू आणि एडिटर) नाही, पण जेसीएल, जेईएस२ आणि रीस्टार्ट आहेत. तीन स्टेपचा, जनरेशन फाइल वापरणारा जॉब मुद्दाम तिसऱ्या स्टेपला पाडावा आणि विद्यार्थ्याला छापील आउटपुट तेवढे हातात देऊन तो उचलायला सांगावा. प्रात्यक्षिकाचे गुण त्यावर द्यावेत.

आपले,
मेनफ्रेम सपोर्टमधील काही वाचक,
जळगाव-भुसावळ