बारा तासांत घराला वेळ कुठला?

महोदय,
सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे. पण जळगाव एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात साहेबाला ‘नाही’ कोण म्हणणार? आत्ताच रात्री घरी पोचेपर्यंत मुले झोपलेली असतात, पेपरची घडीही मोडलेली नसते. थंडीत शेतात तुराट्यांवर वांगी भाजायची, भरीत आणि कळण्याची भाकरी खाताना गावापासून दिल्लीपर्यंतचे बोलणे व्हायचे; तिथेही हल्ली निम्मे मित्र ड्युटीवर. मत देणाऱ्याला बातमी वाचायला वेळ नको का? कामगार खात्याने ही संमती मालकाच्या माघारी, कामगारांना एकेकट्याला विचारून तपासावी.

– एक कामगार, जळगाव