तीन रंगांच्या दोऱ्यांबद्दल आभार

आदरणीय महोदय,

सविनय नमस्कार.

गणपतीसाठी मिळालेल्या पाच दिवसांच्या रजेतले दीड दिवस आपण आमच्या वाचनालयातल्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसून घालवलेत, त्याला आता दोन महिने होत आले. आपण मानधनाचे पाकीट परत केलेत, सत्काराला नकार दिलात आणि नाव कुठेही छापू नका असे बजावलेत. नाव छापत नाही. पत्र लिहू नका असे मात्र आपण म्हणाला नव्हता, तेवढ्या पळवाटेचा आधार घेऊन हे जाहीरपणे लिहीत आहे.

तालुक्याच्या गावातले आमचे ‘ब’ वर्गाचे वाचनालय अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालते. एकाच जोडणीचे इंटरनेट कार्यालयाला आणि वाचनकक्षातल्या सहा संगणकांना मिळावे आणि जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती वाचकांना एका ठिकाणाहून उघडता याव्यात, एवढीच आमची अपेक्षा होती. चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे वायफायचे काही चालत नाही, म्हणून तारा ओढणे भाग होते. त्यासाठी ज्यांच्याकडून आम्ही सर्व्हर, म्हणजे बाकीच्या संगणकांना इंटरनेट आणि फाइली पुरवणारा मुख्य संगणक, तारा जोडायच्या दोन नेटवर्क कार्डांसह घेतला, त्यांनी तो बसवून दिला, पैसे घेतले आणि त्यानंतरचे वर्षभर ते दर महिन्या-दीड महिन्याने येत राहिले. प्रत्येक वेळी “सेटिंग गेली होती” हे एकच निदान आणि भेटीचे वेगळे पैसे. सेटिंग म्हणजे नेमके काय आणि ती जाते कुठे, असे मी एकदा विचारले, तेव्हा “मॅडम, ते तुम्हाला नाही कळायचे” असे उत्तर मिळाले. तीस वर्षे ग्रंथपालाचे काम करणाऱ्या बाईला वर्गीकरणाचे दशांश कळतात, तर हेही कळले असते, असे त्या वेळी सुचले नाही; आपण समजावून सांगितल्यावर सुचले.

आपण आमच्याच घरांचा दाखला दिला होता. सर्व्हर म्हणजे घर आणि त्यातले प्रत्येक कार्ड म्हणजे एक दार. दाराबाहेरच्या प्रत्येक वाडीला आपापली क्रमांकमालिका हवी, आणि आधीच्या मंडळींनी दोन्ही दारांबाहेर एकच मालिका दिली होती, त्यामुळे कोणता निरोप कोणत्या दाराने न्यायचा हे त्या यंत्रालाच ठरवता येत नव्हते. शिवाय अनोळखी पत्त्यावरचा निरोप जिकडे सोपवायचा तो हमरस्ता, म्हणजे डीफॉल्ट गेटवे, त्यांनी दोन्ही कार्डांवर भरून ठेवला होता. घराला दारे कितीही असोत, जगाकडे जाणारा रस्ता एकाच दारासमोर हवा, हे आपले वाक्य मी नोंदवहीत उतरवून ठेवले आहे. आपण तिसरे कार्ड बसवलेत, बाहेरच्या राउटरसाठी, कार्यालयासाठी आणि वाचनकक्षासाठी १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या तीन वेगळ्या मालिका ठरवल्यात आणि गेटवे फक्त बाहेरच्या कार्डावर ठेवलात.

मला अधिक धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमची दाखल नोंदवही आणि सभासदांची वर्गणीची खाती वाचनकक्षातल्या कोणत्याही संगणकावरून उघडता येत होती, आणि हे वर्षभर कोणी आमच्या लक्षात आणून दिले नव्हते. एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर निरोप पुढे पाठवण्याची परवानगी यंत्राला दिली की ती आतल्या दोन कार्डांमध्येही लागू होते आणि तेवढी वाट आठवणीने बंद करावी लागते, हे आपण सांगितलेत. ती बंद केल्यावर मला स्वतःला वाचनकक्षात बसवून कार्यालयाचा फोल्डर उघडून पाहायला लावलेत. तो उघडला नाही, तेव्हा आपण ज्या समाधानाने मान हलवलीत, तशी मान मी आजवर फक्त हरवलेले पुस्तक सापडल्यावर हलवलेली आहे. मासिकांच्या प्रती आता वाचकांना उघडता येतात, पण बदलता किंवा पुसता येत नाहीत, आणि फाइली वाटण्याचे काम आतल्या दोन दारांपुरतेच बांधलेले आहे.

फाइली वाटणारी सांबा ही प्रणाली ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास सुरू केली आणि फाइली वाटण्याच्या ‘एसएमबी’ या पद्धतीच्या नावातली एस, एम, बी ही अक्षरे क्रमाने येणारा शब्द शब्दयादीत शोधून तिचे नाव ठेवले, ही हकिगत ऐकून आमच्या शब्दकोशांच्या कपाटाला फार अभिमान वाटला असणार. ती विनामूल्य असल्याचे कळल्यावर खजिनदारांनाही वाटला.

पण मी हे पत्र ज्या क्षणासाठी लिहीत आहे, तो यांतला एकही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मावशी लादी पुसायला आल्या आणि आपण टेबलाखाली असल्याचे पाहून परत निघाल्या. आपण त्यांना थांबवून विचारलेत, “मावशी, तुमचा फडका इथे कुठपर्यंत येतो?” सर्व्हर बसवणाऱ्यांनी, दुरुस्त करणाऱ्यांनी, आमच्या कार्यकारिणीने आणि लाज वाटते पण मीसुद्धा हा प्रश्न त्यांना कधी विचारला नव्हता. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले की तारा जमिनीवर लोळतात, फडक्यात अडकून कधीकधी निघतात, आणि ओरडा बसेल या भीतीने त्या दिसेल त्या भोकात परत घालून टाकतात. वर्षभर हे ओझे त्यांनी एकटीने वाहिले होते. आणि ज्या भेटींचे आम्ही पैसे मोजले, त्यांतल्या कित्येक भेटींत अदलाबदल झालेल्या दोन तारा जागच्या जागी लावण्यापलीकडे काही घडले नसावे. त्या मंडळींना हे कळले नव्हते की कळूनही त्यांनी सांगितले नाही, यांतले अधिक वाईट कोणते हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आपण रागावला नाहीत आणि “हरकत नाही” असे म्हणून मोठेपणाही मिरवला नाहीत. “चूक तुमची नाही, खुणा न करणाऱ्याची आहे,” असे म्हणून आपण त्यांनाच विचारलेत की खूण कशी करावी. चिठ्ठी चिकटवून उपयोग नाही, पावसाळ्यात दमटपणाने सुटते आणि मला वाचताही येत नाही, असे त्या म्हणाल्या. मग त्यांच्याच पिशवीतल्या गोधडीच्या दोऱ्यांतून लाल, हिरवा आणि पिवळा असे तीन रंग निवडले गेले. बाहेरच्या तारेला आणि तिच्या कार्डाला लाल, कार्यालयाला हिरवा, वाचनकक्षाला पिवळा. यंत्राच्या आतही प्रत्येक कार्डाचे नाव त्याच्या जागेशी पक्के केल्याचे आपण मला सांगितलेत, ते महत्त्वाचे असणारच; पण बाहेरच्या गाठी मावशींनी स्वतः मारल्या आणि सर्व्हर फडक्यापासून दोन फूट वर, फळीवर गेला.

शिकलेली माणसे अडाण्यांना समजावून सांगताना मी पुष्कळ पाहिली आहेत. ज्याला आपण अडाणी समजतो त्याच्याकडे काही विचारण्यासाठी वळणारी फार थोडी भेटली, आणि सभ्यता म्हणून जे काही असते ते मला त्या सकाळी लादीवर उकिडवे बसलेल्या दोन माणसांत दिसले.

परतीच्या पावसात एका रात्री विजा फार झाल्या, तेव्हा मावशींनी जाण्यापूर्वी कोणी न सांगता तिन्ही तारा काढून ठेवल्या. सकाळी मी पोहोचण्याआधीच त्या परत लावलेल्या होत्या, आणि वाचनकक्षात स्पर्धा परीक्षेची मुले प्रश्नपत्रिका उतरवून घेत बसली होती.

मावशींचा एक निरोप आहे. पिवळा दोरा विटून पांढरट पडू लागला आहे, तरी पुढच्या गणपतीला येताना मुंबईहून पक्क्या रंगाचा आणावा.

आपली ऋणी,
ग्रंथपाल